काय झालं ते न सांगताही: युद्धात पोळलेल्या बायका आणि गटातले उपचार

पूर्व कांगोतल्या काही गावांत आठवड्यातून एकदा सहा ते आठ बायका गोल करून बसायच्या. त्यातल्या प्रत्येकीने लैंगिक अत्याचार सोसलेला होता, किंवा डोळ्यांदेखत होताना पाहिलेला होता. दोनेक तास बोलणं चालायचं. सोबत गावपातळीवर काम करणारी एक प्रशिक्षित कार्यकर्ती असायची. आणि या बैठकांमध्ये ‘त्या दिवशी नेमकं काय झालं’ हे कुणालाही सांगावं लागत नव्हतं.

गटातले उपचार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. एकेक बाई आपली कहाणी सांगते, सगळ्याजणी रडतात आणि मनावरचा भार उतरतो. दुःख बोलून दाखवलं की हलकं होतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि रोजच्या दुःखांच्या बाबतीत ते खरंही आहे. युद्धातल्या अत्याचाराचं तसं नाही. मोठा आघात झाल्यावर माणसाला लगेच एकदा बसवून सगळं वदवून घ्यायचं, ही पद्धत एके काळी जगभर वापरली जायची. तिच्यावरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की तिने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नका असंच सांगते.

मग त्या बायका दोन तास करायच्या काय, आणि त्याने फरक कसा पडायचा? कांगोचं उदाहरण मी मुद्दाम घेतेय. अशा कामाबद्दल भावुक होऊन लिहिलेलं खूप सापडतं. मोजमाप करून, दोन पद्धती शेजारी ठेवून तपासलेलं फार कमी असतं. कांगोत ते झालं.

आधी जागा समजून घेऊ. उत्तर किवू आणि दक्षिण किवू हे कांगोच्या पूर्व टोकाचे प्रांत, रवांडाच्या सीमेला लागून. गोमा आणि बुकावू ही तिथली मोठी शहरं. गोमा हे नाव आपल्याकडच्या लष्करी घरांना अनोळखी नाही, कारण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले भारतीय जवान तिथे वर्षानुवर्षं जात आले आहेत. 1994 मध्ये रवांडात तुत्सी या अल्पसंख्य समाजाचा वंशसंहार झाला आणि त्यानंतर लाखो लोक सीमा ओलांडून किवूत आले. त्यांत जीव वाचवायला पळालेले होते, तसे संहारात हात असलेलेही होते. 1996 मध्ये पहिलं युद्ध पेटलं, 1998 मध्ये दुसरं. दुसरं युद्ध कागदोपत्री 2003 मध्ये संपलं, पण सोनं, कथील आणि कोल्टन (मोबाइलसारख्या उपकरणांत लागणारं खनिज) यांच्या खाणींभोवती पोसलेल्या सशस्त्र टोळ्या गेल्या नाहीत. टोळ्यांनी आणि सैनिकांनीही बलात्काराचा हत्यारासारखा वापर केला. गाव रिकामं करायचं असेल किंवा गावाची रग जिरवायची असेल, तर बायकांवर चारचौघांत अत्याचार करायचे आणि नवऱ्याला, मुलांना ते बघायला लावायचं. लैंगिक हिंसा ही युद्धातली खेळी म्हणून वापरली जाते हे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2008 मध्ये ठराव 1820 करून मान्य केलं. बुकावूच्या पांझी रुग्णालयात 1999 पासून डॉ. डेनिस मुक्वेगे अशा बायकांवर उपचार आणि शस्त्रक्रिया करत आले आहेत. 2018 चं शांततेचं नोबेल त्यांना आणि इराकमधल्या याझिदी या अल्पसंख्य समाजातल्या कार्यकर्त्या नादिया मुराद यांना मिळून देण्यात आलं.

पण रुग्णालयातून बाई गावी परतते तेव्हा बहुतेकदा नवऱ्याने टाकलेलं असतं, सासरच्यांनी दार लावून घेतलेलं असतं. कुणीच काही बोललं नाही तरी तिला वाटतं की सगळ्यांना कळलंय आणि सगळे तिच्याचबद्दल बोलताहेत. अनेकदा तिला वाटतं ते खरंच असतं.

मनात काय होतं

आघातानंतरचा ताण, म्हणजे पीटीएसडी, हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत 1980 मध्ये आलं, ते मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. त्याच्या कितीतरी आधी, 1974 मध्ये, अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बॉस्टनच्या एका रुग्णालयात बलात्कार सोसलेल्या बायकांमध्ये बरीचशी तीच लक्षणं नोंदवली होती. तरी अजूनही युद्धाचा मानसिक आघात म्हटलं की आपल्याला गणवेशातला पुरुषच आठवतो. ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नाही त्यांच्यावर तो जास्त पडलेला असू शकतो, हे लक्षातच येत नाही.

लक्षणं साधारण चार प्रकारची असतात. नको असताना ते सगळं पुन्हा समोर उभं राहतं, कधी स्वप्नात, कधी धुराच्या वासाने, कधी बुटांच्या आवाजाने. त्याची आठवण येईल अशी प्रत्येक गोष्ट बाई टाळायला लागते. अंग सतत सावध राहतं. झोप लागत नाही, जरा खुट्ट झालं की दचकायला होतं. चौथा प्रकार बाहेरून दिसत नाही, आणि माझ्या मते बायकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो: स्वतःबद्दलचं आणि जगाबद्दलचं मत बदलून जातं. ‘माझंच चुकलं.’ ‘मी घाण झाले.’ ‘कुणावरच विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.’

एवढं भयंकर काही घडलं की मन त्याचा कसातरी अर्थ लावतं, कारण अर्थ न लावता जगणं त्याला जमत नाही. घाईघाईत लावलेला हा अर्थ बऱ्याचदा चुकीचा असतो आणि पुढे तोच घट्ट होतो. हाड मोडल्यावर नीट न बसवताच जुळून आलं तर ते जुळतं खरं, पण वाकडं, आणि मग प्रत्येक पावलाला दुखतं. तसंच काहीसं इथे होतं. ‘माझंच चुकलं’ या अर्थाला तर वेगळंच बळ असतं. चूक माझी असेल तर पुढच्या वेळी ती टाळणं माझ्या हातात आहे, असा एक आधार त्यातून मिळतो. चूक माझी नव्हती असं मानलं, तर काहीही, कधीही, कुणाच्याही बाबतीत घडू शकतं हे मानावं लागतं. ते फार भीतिदायक आहे. त्यामुळे अपराधीपणा जाळत असला तरी बाई तो सोडत नाही.

हाच धागा पकडून पॅट्रिशिया रेसिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात बलात्कार सोसलेल्या बायकांसाठी एक उपचारपद्धती तयार केली. तिचं नाव कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, थोडक्यात सीपीटी. ठरावीक बैठका, साधारण बारा. प्रत्येक बैठकीचं काम ठरलेलं आणि घरी जाऊन करायचा सराव ठरलेला. मूळ पद्धतीत घटना लिहून काढायचाही भाग होता. पुढे दिसून आलं की तो वगळून, फक्त घटनेचा लावलेला अर्थ तपासला तरी उपचार काम करतो. कांगोत हाच दुसरा प्रकार वापरला गेला. यात मला मोठं शहाणपण दिसतं. एकीची सविस्तर कहाणी ऐकून दुसरीची जखम उघडी पडू शकते. शिवाय लहान गावात, सगळ्या एकमेकींना ओळखत असताना, तपशील बाहेर फुटला तर त्या बाईचं तिथे राहणंच अवघड होईल. अत्याचार झालाय हे गटात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तेवढं पुरतं.

वही-पेन्सिलीशिवाय

अमेरिकेत सीपीटी म्हणजे कागदांचा गठ्ठा. तक्ते भरायचे, रकाने भरायचे. किवूतल्या अनेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून सगळं साहित्य सोपं करून तोंडपाठ होईल असं केलं. तक्त्याचे तीन रकाने म्हणजे तीन प्रश्न झाले: काय घडलं? मी मनाशी काय म्हटलं? मला काय वाटलं? हे तीन प्रश्न शेतात जाताना, पाणी भरताना, मूल पाठीशी बांधून चालताना स्वतःला विचारायचे.

हे कसं चालतं ते दाखवायला एक नमुना मी रचून सांगते. समजा एक बाई झऱ्यावर पाण्याला गेली. तिथे दोघीजणी तिच्याकडे बघून काहीतरी कुजबुजल्या. हे झालं ‘काय घडलं’. ती मनाशी म्हणाली, ‘यांना कळलंय. माझी लाज गेलेली आहे हे यांना दिसतंय.’ हे झालं ‘काय म्हटलं’. मग अंगाला कापरं भरलं, छातीत धडधडलं, भांडं अर्धंच भरून ती घरी आली, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी भेटू नये म्हणून अंधारातच पाण्याला जायला लागली. आता पहिलं आणि तिसरं तिला कळतच होतं. मधलं वाक्य तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं. कुजबुज झाली आणि धडधडलं, एवढंच तिला जाणवलं होतं. मधलं वाक्य वेगळं काढून हातात घेता येणं हेच पहिल्या काही बैठकांचं काम असतं.

मग मोठ्या वाक्यांकडे वळायचं. यांना मी अडकलेली वाक्यं म्हणते, कारण मन त्यांच्यापाशी थांबलेलं असतं. ‘मी ओरडले असते तर हे झालं नसतं’ हे त्यातलं नेहमीचं. कार्यकर्ती इथे ‘नाही हो, तुमची काही चूक नाही’ असं म्हणत नाही. असं म्हणणारे आधीही भेटलेले असतात आणि त्याचा उपयोग झालेला नसतो. ती विचारते: तेव्हा तिथे किती माणसं होती? त्यांच्या हातात काय होतं? मुलं कुठे होती? ओरडल्यावर काय होईल असं तेव्हा वाटलं होतं? आज जे माहीत आहे ते त्या क्षणी माहीत होतं का? एकेका उत्तराबरोबर बाईला दिसायला लागतं की ती गप्प राहिली ते मुलांना वाचवायला. ज्या गोष्टीसाठी ती स्वतःला इतकी वर्षं दोष देत आली, तोच तिने त्या वेळी घेतलेला सगळ्यात समंजस निर्णय असू शकतो. उत्तर तिच्याच तोंडून येतं, म्हणून ते टिकतं.

हेच एकटीला बसवूनही करता येतं, आणि जगभर केलंही जातं. मग गट कशाला?

एक कारण अगदी व्यवहाराचं आहे: बायका पुष्कळ आणि उपचार करणाऱ्या मोजक्या. पण मला दुसरं कारण मोठं वाटतं. तेच अडकलेलं वाक्य शेजारची बाई बोलून दाखवते तेव्हा ते वेगळं ऐकू येतं. ‘माझंच चुकलं’ असं ती म्हणाली की आपण चटकन म्हणतो, ‘तुझं कसं गं चुकलं, त्यांच्या हातात बंदुका होत्या!’ शेजारणीला जो न्याय आपण सहज देतो तो स्वतःला देत नाही, हे त्या क्षणी लख्ख दिसतं. कुठल्याही तज्ज्ञाने सांगून हे इतकं दिसणार नाही. आणखी एक असं की या बायकांना नावं ठेवणारं गावच असतं. त्याच गावातल्या सात जणी शेजारी बसतात, उठून जात नाहीत, नजर चुकवत नाहीत, तेव्हा ‘सगळे माझी घृणा करतात’ या वाक्याविरुद्ध पुरावा समोरच बसलेला असतो.

अर्थात बायका गोल करून बसल्या म्हणून हे आपोआप होत नाही. कांगोतल्या पद्धतीत पहिली बैठक प्रत्येकीची एकटीची होती, उरलेल्या अकरा गटाच्या. एकटीची बैठक महत्त्वाची असते, कारण कुणाला गटात बसवणं आत्ता योग्य नाही हे तिथे कळतं. जिच्या मनात जीव द्यायचे विचार घोळताहेत तिला आधी स्वतंत्र मदत लागते. मग गुप्ततेचा प्रश्न. गटात ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा नियम सांगायला सोपा आहे. पण गटाला जाणारी बाई सगळ्या गावाला दिसते. म्हणून कुठे जमायचं, कोणत्या वेळी जमायचं, कुणी विचारलं तर काय सांगायचं, हेसुद्धा आधी ठरवावं लागतं. कागदावर ही किरकोळ बाब दिसते, पण असे गट बरेचदा मोडतात ते इथेच.

शेवटच्या बैठका पाच विषयांवर असतात: सुरक्षितता, विश्वास, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, स्वतःचं मोल, आणि जवळीक. आघाताने या पाचही ठिकाणी तडा जातो. यातला सुरक्षिततेचा विषय कांगोत सगळ्यात नाजूक होता, कारण तिथे धोका संपलेलाच नव्हता. ‘त्या रानात लाकडं आणायला एकटीने जाणं धोक्याचं आहे’ हे वाक्य खरं आहे. त्याला हात लावायचा नाही, उलट ते जपायचं. ‘मी कुठेच, कधीच, कुणाजवळच सुरक्षित नाही’ हे वाक्य मात्र तपासायचं, कारण त्यामुळे बाई बाजारात जायची थांबते, सख्ख्या भावालाही दारात उभं करत नाही. या दोन वाक्यांमधला फरक ओळखता येणं, हे चालू युद्धातल्या उपचाराचं खरं कौशल्य आहे.

मोजल्यावर काय दिसलं

या कामाचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ज्युडिथ बास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि तो 2013 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. 16 गावं निवडली आणि कुठल्या गावात कोणती पद्धत वापरायची हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. काही गावांत गटातली सीपीटी, तर काही गावांत कार्यकर्तीकडून एकेकीला हवा तेव्हा आधार. एका गावातल्या कार्यकर्तीच्या कामाच्या दर्जाबद्दल शंका आल्यावर ते गाव अभ्यासातून वगळलं. राहिली 15 गावं: उपचाराच्या 7 गावांत 157 बायका, आधाराच्या 8 गावांत 248. नैराश्य आणि चिंता मिळून त्रास 0 ते 3 अशा मापावर मोजला. उपचाराच्या गावांत सरासरी 2.0 होती, ती बैठका संपल्यावर 0.8 वर आणि सहा महिन्यांनी 0.7 वर आली. आधाराच्या गावांत 2.2 वरून 1.7 आणि मग 1.5. सहा महिन्यांनी उपचाराच्या गावांतल्या 9 टक्के बायकांमध्ये नैराश्य किंवा चिंतेचा आजार असण्याची शक्यता दिसली. आधाराच्या गावांत हे प्रमाण 42 टक्के होतं. पीटीएसडीचं चित्रही जवळपास असंच होतं.

आकडे फार चांगले आहेत, म्हणूनच ते जपून वाचायला हवेत. तिन्ही वेळा मोजमापाला हजर राहिलेल्या बायका उपचाराच्या गावांत 65 टक्के आणि आधाराच्या गावांत 52 टक्केच होत्या. शिवाय एका बाजूला ठरलेल्या बारा बैठका आणि दुसऱ्या बाजूला हवा तेव्हा आधार, असा हा सामना होता. त्यामुळे फरक गटाने पडला की सीपीटीने, हे यातून वेगळं काढता येत नाही. आणि नुसत्या आधाराच्या गावांतल्या बायकाही सुधारल्याच होत्या, हे विसरू नये. कुणीतरी विचारपूस करणं ही सामान्य गोष्ट नाही.

मला या अभ्यासात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की उपचार करणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. स्थानिक संस्थांमध्ये काम करणाऱ्या, माध्यमिक शाळेत काही वर्षं शिकलेल्या या कार्यकर्त्या. त्यांना मोजक्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यानंतर कांगोतल्याच पर्यवेक्षकांनी सतत पाठपुरावा केला आणि त्या पर्यवेक्षकांना अमेरिकेतले तज्ज्ञ फोनवर मदत करत राहिले. प्रशिक्षण देऊन सोडून द्यायचं असं झालं नाही. हा विचार मराठी वाचकांना परका वाटू नये. गोव्यात 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने, प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांसाठी साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांची मदत कितपत उपयोगी पडते हे मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलं. मानसोपचार फक्त पदवीधारकच करू शकतात हा समज खोडून काढण्यात गोव्यातल्या त्या कामाचा वाटा जगभर मानला जातो.

आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक प्रश्न नक्की पडेल: बायकांना पैसा हातात मिळाला, चार जणींत ऊठबस झाली, तर मन आपोआप सावरणार नाही का? आपल्याकडे बचत गटांनी किती घरं उभी केली हे आपण पाहिलंय. हा प्रश्न त्याच संशोधकांनाही पडला होता. पूर्व कांगोत अत्याचार सोसलेल्या बायकांसाठी गावपातळीवर बचत आणि कर्जाचे गट काढून त्यांचाही वेगळा अभ्यास झाला. ही पद्धत 1991 मध्ये नायजरमध्ये केअर या संस्थेने सुरू केली आणि ती आपल्या बचत गटाच्या पुष्कळ जवळची आहे. निकाल असा आला की गटातल्या बायकांच्या घरात खाण्यापिण्यावर जास्त खर्च होऊ लागला, लोकांकडून होणारी हेटाळणी कमी झाली. मानसिक त्रासात मात्र इतर बायकांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे चार जणी एकत्र येण्याने पुष्कळ काही मिळतं, पण रात्री झोपू न देणारं ते अडकलेलं वाक्य तसंच राहू शकतं. ते हातात घेऊन तपासावं लागतं, आणि ते करायची एक शिकलेली रीत लागते. उपचाराच्या गटात आणि इतर गटांत फरक आहे तो हा.

सीपीटी ही एकच वाट नाही. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात, तालिबानच्या काळातून आणि लष्करी कारवाईतून गेलेल्या खेड्यांमध्ये, 612 बायकांबरोबर पाच बैठकांची एक गटपद्धती वापरून पाहिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ही पद्धत ताण कसा हाताळायचा, अडचणीचे तुकडे करून त्यातला एक कसा सोडवायचा, बंद पडलेली कामं पुन्हा कशी सुरू करायची, यावर भर देते. ती चालवणाऱ्याही तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक बायकाच होत्या, आणि 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले तिचे निकाल चांगले होते. युगांडातल्या ऱ्हायनो कॅम्प वसाहतीत दक्षिण सुदानमधून पळून आलेल्या बायकांना वीस-तीसच्या गटात ध्वनिमुद्रित सूचना ऐकवून आणि चित्रांची पुस्तिका देऊन ताण हाताळायला शिकवलं गेलं. वीस-तीस जणींत कुणाची वैयक्तिक गोष्ट निघणं शक्यच नसतं, तरी मनाचा ताण कमी झाला. तीन महिन्यांनी सुधारणा टिकून होती, पण ती लहानशीच होती. निर्वासितांच्या एवढ्या मोठ्या संख्येपुढे एवढंही थोडं नाही.

रवांडात 2005 पासून ब्युम्बा भागात चाललेल्या गटांची गोष्ट निराळी आहे. तिथे एकाच वस्तीतले लोक पंधरा आठवडे एकत्र बसायचे, आणि वंशसंहारात नवरा गमावलेल्या बाईशेजारी संहाराच्या गुन्ह्यात नवरा तुरुंगात असलेली बाई असू शकायची. तिथे आजार बरा करणं हा मुख्य हेतू नव्हता. शेजारणीशी पुन्हा बोलता यावं, हा होता. सगळीकडे हे जमणार नाही, आणि जिथे अन्याय करणारे अजून मोकळे फिरताहेत तिथे तर बायकांना असं बसायला लावणं मला चुकीचंच वाटतं.

गटाच्या हातात नसलेलं

गटातल्या उपचारांवर सगळा भार टाकायचा मोह संस्थांना होतो, कारण तो स्वस्त आहे. पण अपराधीपणा बाईच्या मनातून गेला तरी अपराधी गावातच असेल तर? बोस्नियाचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे युद्ध चालू असतानाच, 1993 मध्ये, स्त्रीरोगतज्ज्ञ मोनिका हाउझर यांनी स्थानिक बायकांना सोबत घेऊन झेनित्सा शहरात ‘मेडिका’ हे केंद्र काढलं. डॉक्टरी उपचार, समुपदेशन, निवारा आणि पुढे शिवणकामासारखी कौशल्यं, असं सगळं एका छताखाली. बायका तपासणीच्या निमित्ताने यायच्या आणि हळूहळू बोलायला लागायच्या. 2001 मध्ये पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगमध्ये नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोस्नियातल्या फोचा शहरातल्या अत्याचारांबद्दल तिघांना दोषी ठरवलं आणि बायकांना लैंगिक गुलामीत डांबणं हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानला. 2006 मध्ये बोस्नियाच्या फेडरेशनमधल्या (देशाच्या दोन स्वायत्त भागांपैकी एकातल्या) कायद्याने युद्धात बलात्कार सोसलेल्या बायकांना युद्धाच्या नागरी बळी म्हणून मान्यता दिली आणि मासिक मदत लागू केली. ‘तुझी चूक नव्हती’ हे सात शेजारणींनी म्हणणं आणि न्यायालयाने म्हणणं, दोन्ही लागतात. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

कांगोत तर युद्धच संपलेलं नाही. 2025 च्या जानेवारीत एम-23 या बंडखोर संघटनेने गोमा घेतलं आणि फेब्रुवारीत बुकावू. हजारो कुटुंबांना पुन्हा घर सोडावं लागलं, आणि सुरक्षिततेच्या बैठकीत कुठलं वाक्य जपायचं आणि कुठलं तपासायचं, हे नव्याने ठरवायची वेळ आली.

उपचार चालतो हे सिद्ध झालंय, तो खेड्यात, निरक्षर बायकांसोबत, स्थानिक कार्यकर्त्यांकरवी देता येतो हेही सिद्ध झालंय. तरी तो पोहोचत नाही, कारण खर्च औषधांचा नसून माणसांचा आहे. कार्यकर्तीचं मानधन, पर्यवेक्षकाचा प्रवास, दर आठवड्याचा फोन. दात्यांना एकदाच बांधून द्यायची इमारत आवडते, दर महिन्याचं मानधन आवडत नाही. कांगोतल्या त्या अभ्यासाला पैसे दिले होते यूएसएड या अमेरिकन सरकारी संस्थेने आणि जागतिक बँकेने. 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएडचा कारभार गुंडाळला. पूर्व कांगोत बायकांच्या मदतीची कितीतरी कामं तिच्या पैशावर चालत होती, आणि त्यांतल्या कार्यकर्त्यांचं मानधन आता कोण देणार हे ठरलेलं नाही.